कानातला कापूस

साताऱ्याच्या अनसूयाबाई लग्नघरी नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवायच्या. "त्या सरनोबताच्या ऐतिहासिक सिनेमात राजापासून घोड्यापर्यंत सगळे नुसते ओरडतात. मी नाही बघणार," असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तरी सरनोबतांच्या नव्या सिनेमाला त्या तिसऱ्यांदा येऊन बसल्या, आणि नेमके त्याच खेळाला दिग्दर्शक सरनोबत प्रेक्षकांना भेटायला आले. कुणीतरी चुगली केलीच.

मध्यंतरात सरनोबतांनी माईक बाईंपुढे धरला. "काय बाई, हरलात ना? आता सांगा सगळ्यांना, माझे संवाद कसे वाटले?"

बाईंनी सावकाश दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले. "काय म्हणालात?"

थिएटरात हशा पिकला. सरनोबत लालबुंद झाले.

"रागावू नका हो साहेब. राणीच्या नेसणातली एकेक निरी बघायला मी चौथ्यांदासुद्धा येईन." बाईंनी पिशवीतून वातींचा कापूस काढला, दोन ताजे बोळे वळले आणि त्यांच्या हातावर ठेवले. "हे घाला, आणि एकदा तुम्हीही बघा. तुमच्या कपडेपटातल्या माणसांनी न ओरडता केवढा इतिहास उभा केलाय!"