बेडकाच्या डोळ्यांचं भांडण

माणसांना चष्मे लागायच्या फार आधी एक बेडूक तीन दिवस उपाशी होता. समोर माशी होती, पण त्याचे डोळे भांडत बसले होते.

"माशी त्या लांबच्या ताडाच्या डावीकडे आहे," उजवा म्हणाला.

"उजवीकडे आहे, आंधळ्या!" डावा ओरडला.

शेवटी जीभ म्हणाली, "खुशाल भांडा रे! फक्त तुमच्यात फरक किती, ते सांगा. फरक जास्त, तर माशी जवळ. कमी, तर लांब."

"चार बोटं."

सप्प! माशी पोटात. अख्खं तळं जिभेचं कौतुक करू लागलं.

संध्याकाळी डोळे एका सुरात ओरडले, "पांढरी, गुबगुबीत माशी! बरोब्बर ताडाच्या टोकावर! आमचं एकमत आहे!"

जीभ हललीच नाही.

"एवढं एकमत?" ती म्हणाली. "मग तो चंद्र असणार."