निंबखिंडीची जुळवणी

निंबखिंडीचा बुधवारचा बाजार उजाडताच भरतो, पण पहिला अर्धा तास तिथं कुणी कुणाला काही विकत नाही. नव्या पाव्हण्याला वाटतं, माजलेत सगळे. तो पिशवी घेऊन ताटकळतो आणि दुकानदार आपली पथारी सोडून दुसऱ्याच्या पथारीवर उकिडवा बसलेला. पंपवाला पाइपवाल्याच्या पाइपाला आपली तोटी लावून बघतो. चुली विकणारी बाई कुंभारणीचं गाडगं आपल्या चुलीवर ठेवून हलवून पाहते, डुगडुगलं तर दोघी भांडतात आणि पुढच्या बुधवारी माप सुधारून आणतात. याला जुळवणी म्हणतात. ती झाल्याशिवाय बोहनी नाही. हसू नका, ही रीत पडायला एक माणूस विहिरीत लोंबकळलेला आहे.

फार मागची गोष्ट. तेव्हा या बाजारात जो तो आपल्या मालापुरता होता, म्हणे. भिवरा मांगीण दोर वळायची. तिच्या हातचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, बैल दमले तरी तुटत नसे. पण तिची जागा बाजाराबाहेर, उकिरड्याच्या अंगाला. तिनं दोर जमिनीवर ठेवायचा, दूर सरायचं, मग गिऱ्हाइकानं पाणी शिंपडून उचलायचा. धोंडजी सुतार विहिरीची चाकं करायचा, तो बसायचा बाजाराच्या मधोमध. नाडा चाकाच्या खाचेतूनच जायचा, पण चाक करणारा आणि नाडा वळणारी आयुष्यात एकमेकांशी बोलले नव्हते.

त्या साली बाजाराशेजारी नवी विहीर खणायला काढली. खणायला भिवराचा नवरा सटवा. खणायला तो चालत होता, पाणी लागल्यावर प्यायला चालणार नव्हता, हेही सांगून ठेवते. धनी खोल उतरणार म्हणून भिवरानं तीन पदरांऐवजी चार पदरांचा नाडा वळला. धोंडजीनं चाकाची खाच नेहमीसारखी तीन पदरांच्या मापानं कोरली. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

ऐन बाजाराच्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, सटवाला वर ओढत होते. तो अर्ध्यावर आला आणि जाड नाडा खाचेतून उडून चाक आणि खांब यांच्या फटीत रुतला. हिसक्यानं सटवा कातळावर आपटला. उजवा हात मोडला. नाड्याच्या फासात एक पाय आणि डावी मूठ, एवढ्यावर तो लोंबकळत राहिला. बैल पुढं ओढेनात, मागं सरेनात. खांबाच्या धारेवर नाड्याचा एक पदर तुटला.

भिवरा धावत आली, तेव्हा दुसरा पदर उसवत होता.

कुणी म्हणालं, "दुसरा दोर टाका, धरंल त्यो."

"कशानं धरंल? दातानं?" भिवरा ओरडली. "कुणीतरी खाली जाऊन त्याला बांधाय पायजे. मी जाते. नाडा हाय माझ्याकडं, ह्योबी चार पदरी. चाक आना!"

विहिरीच्या पलीकडच्या अंगाला खांबांची दुसरी जोडी उभी होती. धोंडजीच्या पथारीवर चाकही होतं, पण त्याचीही खाच अरुंद. तो पटाशी घेऊन बसला आणि थांबला. माप हवं होतं. नाडा भिवराच्या हातात होता.

बाजाराचा कारभार बघणारा आबाजी शेट्या म्हणाला, "खाली ठेव म्हणावं तिला. मग उचल."

धोंडजीनं नाडा तिच्या हातातूनच ओढून घेतला. एक टोक त्यानं खाचेत दाबलं आणि म्हणाला, "धर घट्ट. हाललीस तर बोट जाईल."

"बोटं धा हायेत. धनी येकच हाय. चालव!"

लाकडाचे छिलके उडत होते. तिच्या नखाजवळून पटाशी जात होती. विहिरीतून सटवाचा आवाज आधी येत होता, मग यायचा थांबला. तिसरा पदर तुटल्याचा आवाज मात्र साऱ्या बाजारानं ऐकला. पटाशी एकदा घसरली. भिवराच्या करंगळीचं पेर चाकाच्या भुश्यात पडलं, असं सांगतात. तिनं हात हलवला नाही.

चाक चढवलं. नाडा खाचेत बसला, त्याला दुसरी बैलजोडी जुंपली. कमरेला तो बांधून भिवरा विहिरीच्या तोंडाशी आली आणि धोंडजीला म्हणाली, "सुतारा, तुज्या चाकावर जाती."

"मी तुझ्या नाड्यावर सोडतोय," तो म्हणाला.

तिनं खाली पोचून सटवाला लुगड्याच्या पदरानं आणि दोरानं आपल्या अंगाशी आवळलं. गाठ पडली आणि जुना नाडा तुटला. दोघांचं वजन एका चाकावर आलं. चाक करकरलं, पण नाडा खाचेतून हलला नाही. बैलांनी दोघांना वर आणलं. सटवा जिता होता.

मग भिवरा उकिरड्याकडं गेली, दोरांची सगळी वेटोळी डोक्यावर घेतली आणि धोंडजीच्या पथारीला लागून मांडून बसली. बोटातलं रक्त अजून थांबलं नव्हतं.

आबाजी शेट्या म्हणाला, "भिवरे, तुझी जागा तिकडं."

"तिकडं बसल्यानंच धनी मरत हुता," ती म्हणाली. "आता मला उठवायचं तर हीरीत ढकला."

शेट्यानं धोंडजीकडं पाहिलं. धोंडजीनं आपली चाकं हातभर सरकवून तिला आणखी जागा करून दिली.

"तिच्या नाड्यावाचून माझं चाक म्हणजे पाट," तो म्हणाला. "जेवायला बसा त्यावर."

पुढच्या बुधवारी लोहार आपला कणा, म्हणजे चाकाचा लोखंडी आस, घेऊन चाकाशी आला, त्याच्यामागून मोट शिवणारा आला. सगळे एकदम शहाणे झाले नाहीत, कुरकुर पुष्कळ वर्षं चालली, म्हणे.

आजही निंबखिंडीत कुणी नवा दुकानदार जागा मागायला आला, की त्याला जात नाही, गाव नाही, एकच विचारतात, "तुझा माल कुणाच्या मालाला लागतो?" सांगता आलं नाही, तर त्याला परत पाठवत नाहीत. म्हणतात, "आधी बाजारभर हिंड. हात लावून ये. मग बस."