काखेतली साधी वीण

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती. बर्फाच्या मुलखात एक छोटंसं राज्य होतं. माणसं थोडी, मेंढरं फार, आणि थंडी तर विचारूच नका. आता एखादा शहाणा म्हणेल, त्या काळी स्वेटर कुठून आला? अहो, मेंढरं होती, लोकर होती, थंडी होती. मग स्वेटर नसून कसं चालेल?

या राज्याच्या माथ्यावर एक खिंड होती. खिंडीत चौथऱ्यावर मोठी घंटा टांगलेली होती. बर्फाचं वादळ येताना दिसलं, की खिंडीचा राखणदार दोन्ही हात वर करून दोर धरायचा आणि घंटा वाजवायचा. त्या आवाजाच्या रोखाने मेंढपाळ आपापले कळप घेऊन घरी यायचे. घंटा थांबली, तर पांढऱ्या अंधारात त्यांना वाट सापडत नसे. म्हणून दर हिवाळ्याआधी राजा स्वतःच्या हाताने राखणदाराला नवा स्वेटर द्यायचा. तो विणायचा मान आळीपाळीने एकेका गावाला मिळायचा.

त्या वर्षी मान आला राहीच्या गावाला. राही म्हणजे गावातला सगळ्यांत चपळ हात. तिच्या सुया चालू लागल्या, की बघणाऱ्याचे डोळे दमायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला ठाऊक नसलंच तर राही स्वतः सांगायची. ती पंचांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "यंदाचा स्वेटर मीच विणणार. असा विणीन, की राजा म्हातारा झाला तरी त्याची गोष्ट सांगेल." पंच गालात हसले, पण काम तिलाच दिलं.

साधा उलट-सुलट टाक्यांचा स्वेटर तिला नकोच होता. तिला हवा होता वेण्यांचा. तीन टाके सुईवरून उतरवून काडीवर बाजूला ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग काडीवरचे. असं दर काही ओळींनी केलं, की कापडावर जाड पीळ उठतो, खालून वर वेणी चढत जाते. वेण्यांचा स्वेटर दुप्पट ऊब देतो आणि दिसतोही राजेशाही.

आधी ती लोकर शोधायला निघाली. सात वाडे फिरली आणि कोकरांची काळीभोर, मऊ लोकर घेऊन आली. वीतभर विणून झाल्यावर पाहते, तर वेणी कुठे दिसेचना! काळ्या रंगात आणि त्या लवेत सगळे पीळ बुडून गेले होते. राही हट्टी असली तरी आंधळी नव्हती. तिने ती लोकर बाजूला ठेवली आणि म्हाताऱ्या मेंढीची पांढरी, राठ लोकर आणून घट्ट पिळाचं सूत कातलं. आता प्रत्येक टाका उठून दिसू लागला.

राहता राहिली वीण. साऱ्या खोऱ्यात देखणी वीण एकच होती, आणि ती होती गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आवडाईची. दोन वेण्या एकमेकींत शिरत वर जायच्या, मध्येच वेगळ्या व्हायच्या, पुन्हा भेटायच्या. पण त्या राज्यात एक रीत होती. जिची वीण घ्यायची, तिला जाऊन विचारायचं, आणि तिच्या आवडत्या रंगाची एक ओळ स्वेटरच्या काठाला घालायची. ती ओळ पाहिली की लोकांना कळायचं, ही वीण कुणाची.

राहीला नेमकं तेच नको होतं. "माझ्या स्वेटरवर दुसऱ्या कुणाची ओळ? मुळीच नाही!" असं ती मनातल्या मनात म्हणाली. आवडाईचा लेक बाजाराच्या दिवशी लोणी विकायला बसायचा, आईने विणलेला स्वेटर घालून. राही तीन बाजार त्याच्या पाठीमागे बसली. कांदे निवडायचं नाटक करत तिने त्याच्या पाठीवरचा एकेक टाका मोजला. कांदे एवढे निवडले, की कांदेवाली तिला मजुरी देऊ लागली.

मग राहीने विणायला घेतलं. हातभर नमुना विणून बघावा, असं शेजारणीने सुचवलं, तर राही म्हणाली, "नमुना नवशिक्यांनी विणावा." महिनाभरात स्वेटर पुरा झाला. काय सांगू तुम्हाला, डोळ्यांचं पारणं फिटावं असा! बायका रांगा लावून बघून गेल्या. राहीची मान अशी ताठ झाली होती, की तिला उंबऱ्यावरून जाताना पायाखालचं दिसत नव्हतं.

राजा स्वेटर देतो तो दिवस दीड महिन्यावर आला, तेव्हा राखणदार माप बघायला आला. मोठा सज्जन माणूस. त्याने कसंबसं डोकं घातलं, हात घातले, पोट आत ओढलं. मग दोर धरल्यासारखे हात वर नेले. हात खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. पुन्हा जोर केला, पुन्हा अडकले.

"फार सुंदर झालाय हो, राहीताई," तो म्हणाला. "घंटा मी दातांनी वाजवीन."

जमलेले सगळे खो खो हसले. राही चिडून म्हणाली, "तुम्हीच जाड झालाय!" पण सगळे गेल्यावर तिने स्वेटर मांडीवर घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वेटर असाच दिला असता, तर राजाने कौतुकच केलं असतं. राखणदारानेही मुकाट्याने घेतला असता. पण वादळात त्याचे हात वर गेले नाहीत तर? ती उठली, स्वेटर पदराखाली घेतला आणि आवडाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"आवडाई, मी तुझी वीण न विचारता घेतली," ती म्हणाली. "आणि आता ती अंगात अडकलीय."

"ठाऊक आहे गं बाई," आवडाई म्हणाली. "तीन बाजार माझ्या लेकाची पाठ बघत होतीस. त्याला वाटलं, पाठीला शेण लागलंय. दोनदा अंघोळ केली बिचाऱ्याने."

राहीला रडता रडता हसू फुटलं. आवडाईने स्वेटर उलटापालटा करून पाहिला. "टाके माझ्यापेक्षा सरस आहेत," ती म्हणाली. हे ती कुणालाच कधी म्हणाली नव्हती. "पण मला सांग, तुझे मोकळे केस पाठभर पसरतात. वेणी घातली की किती उरतात?"

"चार बोटं."

"मग विणीचंही तसंच. वेणी कापड आवळून घेते. प्रत्येक वेणीखाली टाके वाढवावे लागतात. आणि हे बघ," असं म्हणत तिने लेकाला हाक मारून त्याचा हात वर करायला लावला. काखेत एकही वेणी नव्हती. तिथं चांगली रुंद, साधी, सैल वीण होती. "तू बसलेल्या माणसाकडे बघून मोजलंस. हात खाली असला, की काख दिसत नाही. विचारलं असतंस, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

राहीने तिथंच, ओसरीवर बसून, स्वेटर उसवायला घेतला. महिन्याचं काम ओळीओळीने सुटत होतं आणि आवडाई समोर बसून त्याचे गुंडे करत होती. उसवलेली लोकर कुरळी झाली होती. ती कोमट पाण्यात भिजवून, खाली दगड बांधून वाळवली. मग राहीने आधी हातभर नमुना विणला, धुतला, मोजला, आणि मगच टाके घातले. वाढीव टाक्यांना लोकर कमी पडली, तेव्हा ती स्वतः दारोदार गेली आणि ज्यांच्यापुढे मान ताठ करून हिंडली होती, त्यांच्याकडे लोकर मागितली. कुणी गुंडा दिला, कुणी टोमणा दिला, बहुतेकींनी दोन्ही दिले. राहीने सगळं घेतलं.

राजाच्या दिवशी स्वेटर दरबारात आला, तेव्हा सगळे माना उंचावून बघू लागले. राजाने काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही तांबडी ओळ कसली?"

"ही वीण आमच्या गावच्या आवडाईंची, महाराज," राही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आधी मी ती चोरली होती. चोरली तेव्हा निम्मीच हाती आली. मग विचारली, तेव्हा पुरी मिळाली. लोकर गावाची आणि हात माझे."

बोलताना तिची मान ताठच होती. पण या वेळी तिच्याबरोबर गावातल्या सगळ्याच बायकांच्या माना ताठ झाल्या होत्या. मागे बसलेली आवडाई तर उगाचच पदर सारखा करत राहिली.

हिवाळा लागला आणि एका दुपारी आभाळ पांढरंफटक झालं. असं वादळ तीस वर्षांत झालं नव्हतं. सारे कळप वरच्या कुरणात होते. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आवडाईचा लेकही वरच होता. तेवढ्यात घंटेचा पहिला ठोका आला, मग दुसरा, मग तिसरा. ठोके थांबेनात. घटका गेली, प्रहर गेला, तरी घंटा त्याच जोराने वाजत होती. एकेक कळप धुक्यातून बाहेर येऊ लागला. शेवटच्या कळपामागे बर्फाने माखलेला लेक दिसला, तेव्हा आवडाईने त्याला मोठ्याने हाक मारली.

राहीने तिचा हात घट्ट धरला. खिंडीकडे बघत ती म्हणाली, "ऐकतेस ना, आवडाई? हात वर जातोय!"

तर मंडळी, गोष्टीचं सार एवढंच: विचारून शिकावं आणि शिकवणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यावं, म्हणजे आपल्या कामाचा अभिमान खुशाल मिरवता येतो.