आधी चढायचा मान

बेटावरचा किल्ला घ्यायचा ठरला आणि महाराजांनी मोहीम सोपवली रायाजीरावांकडे. हे सरदार घाटावरचे. समुद्र त्यांनी पाहिला होता तो पालखीच्या पडद्याआडून. आरमाराचे सुभेदार पदाजी भंडारी गलबत भरायला लागले, तोच रायाजीराव गरजले, "आधी आमची पालखी चढेल! मग तंबू, हंडे, पानाचा डबा. दारूगोळा सगळ्यात शेवटी. मानाचा क्रम चुकता कामा नये!"

"जशी आज्ञा," पदाजी म्हणाले आणि मिशीत हसले.

पालखी गेली थेट गलबताच्या तळाशी. तिच्यावर तंबू, तंबूवर हंडे आणि सगळ्यांच्या वर दारूगोळा.

बेट येताच वरचा दारूगोळा आधी उतरला, शिपाई त्याच्याबरोबर धावले. रायाजीराव मात्र गलबतावरच. पालखीशिवाय चिखलात पाय ठेवणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं! खालचे हंडे खणखणत बाहेर येईपर्यंत किल्ल्यावर आपलं निशाण चढलंसुद्धा.

दरबारात रायाजीराव कडाडले, "महाराज, सरदार गलबतावर आणि शिपाई किल्ल्यावर! या सुभेदाराने आमचा मान घालवला. याची गर्दन मारा!"

महाराजांनी पदाजींकडे पाहिलं.

"महाराज, सरदारांनी आधी चढायचा मान मागितला, तो दिला. आधी उतरायचा मागितला असता तर तोही दिला असता. पण समोरून तोफा सुरू होत्या. तो मान त्यांनी मागितलाच नाही."

महाराज म्हणाले, "मग पुढच्या मोहिमेत तो रायाजीरावांचाच!"

तेव्हापासून रायाजीरावांना म्हणे खारं वारं सोसत नाही.