उजेडाची मोजणी

त्या राज्यात सगळे व्यवहार एका नियमावर चालत. उजेड कोणत्याही दिशेने धावो, त्याचा वेग सारखाच. घड्याळे त्यावर लागत, वाटा त्यावर आखल्या जात. नियम कोणी तपासत नसे, कारण तो खोटा ठरला असता तर काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सुगरण पक्षिणीने तो तपासायचे ठरवले. तिने स्फटिकाच्या दोन सारख्या नळ्या केल्या आणि काटकोनात बांधल्या. दोन्हींत एकाच वेळी उजेड सोडायचा आणि टोकाच्या आरशावरून कोणता आधी परततो ते पाहायचे. पण हत्ती चालले की जमीन हादरे आणि नळ्या थरथरत.

तिने वर जाण्याची परवानगी मागितली. राज्याचा प्रधान असलेला धनेश पक्षी संतापला.

"नियमावर संशय घेतेस?"

"संशय नाही, प्रधानजी. माझी पिल्लंही त्याच्याच भरवशावर वाढतायत. म्हणून बघायचंय."

"जा. पण खोटं काही सांगितलंस तर पंख छाटीन."

तिची मैत्रीण घार तिला नळ्यांसकट वाऱ्याच्याही पलीकडे घेऊन गेली. तिथे काहीच हलत नव्हते. दोघी नळ्या हळूहळू फिरवत आणि बारीक रेघांच्या मोजपट्टीवर मोजत राहिल्या. तीन ऋतू फरक निघाला नाही. चौथ्यात एका नळीतला उजेड किंचित उशिरा परतला.

घारीने पंख पसरले. "खाली जाऊन सांगते! उद्यापासून तुझ्या नावाचा नियम!"

सुगरण म्हणाली, "थांब, घारताई. आधी नळ्यांची अदलाबदल करू."

केली. आता दुसरी नळी उशीर करू लागली. उशीर नळीचा नव्हता, उन्हाकडच्या जागेचा होता. या ऋतूचे कडक ऊन लागून नळी केसाच्या हजाराव्या भागाएवढी लांबत होती. मग सुगरणीने खालून आणलेल्या गवताचा पडदा विणून उन्हाकडे लावला. फरक नाहीसा झाला.

खाली येऊन दरबारात तिने उन्हाची गोष्टही लपवली नाही.

"म्हणजे काहीच सापडलं नाही," धनेश हसला. त्याने शिळेवर 'नियम कायमचा सिद्ध' असे कोरून घेतले आणि मेजवानी दिली.

मेजवानी चालू असताना सुगरण मोजपट्टी घेऊन बाहेर बसली होती. पट्टीवर सर्वांत जवळजवळ असलेल्या दोन रेघांच्या मधोमध, याहून बारीक फरकही मोजता यावा म्हणून, तिने चोचीने आणखी एक रेघ ओढली.