कल्हईवाल्याचे दार

एकदा एका पेठेत चोऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला. तेव्हा लहान दुकानदारांना सरकारी खर्चाने लोखंडी दारे बसवून द्यायचे दरबारने ठरवले आणि ते काम एका वृद्ध पंडितांवर सोपवले. दारे मोजकीच होती. नियम असा, की ज्याच्या दुकानात स्वतःचा माल अधिक, त्याला दार आधी.

पंडितांचा शिष्य मोठा काटेकोर. दुकानोदुकानी हिंडून त्याने यादी केली. पहिले नाव सराफाचे, अगदी शेवटचे कादरभाई कल्हईवाल्याचे. कादरभाईचे दुकान मागच्याच महिन्यात फुटले होते. पण त्याचा स्वतःचा माल म्हणजे भाता आणि कोळशाचे पोते. चोरांनी त्याला हातही लावला नव्हता.

पंडितांनी यादी वाचली आणि पहिले दार कादरभाईकडे बसवून घेतले.

सराफ तणतणत आला. "महाराज, हा कुठला न्याय? तो भाता कोण चोरतंय?"

शिष्यालाही वाईट वाटले. एवढी पायपीट पाण्यात गेली होती. सराफ गेल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, नियम तर दरबारचा आहे."

"दरबारला मी उत्तर देईन," पंडित म्हणाले. "तू कादरभाईला विचारलेस, तुझे काय गेले? तो म्हणाला, माझे काही नाही. खरेच बोलला बिचारा. गेली ती लोकांनी कल्हईला टाकलेली भांडी. सराफाकडे चोरी झाली तर लोक त्याचे सांत्वन करतील. कादरभाईकडे झाली, तर त्याच्याचकडे संशयाने पाहतात. बाळ, महिनाभर त्याची भट्टी पेटलेली नाही. ते तुझ्या यादीत कोणत्या रकान्यात बसवशील?"

शिष्याने यादीची घडी घालून ती बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो कादरभाईच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला. नव्या दारापुढे कादरभाई रिकाम्या हातांनी बसला होता. दुपारी एक बाई कडेवर पातेले घेऊन आली.

"कादरभाई, माझ्या आईकडचा हंडा गेला तुमच्या दुकानातून," ती म्हणाली. "जीव तुटतो अजून. हे पातेलं तेवढं नीट सांभाळा."

कादरभाईने ते दोन्ही हातांनी घेतले. मग तो वळला आणि भट्टीत कोळसे रचू लागला.

शिष्य तिथूनच शेजारच्या शिंप्याकडे गेला. त्याच्या हातातला कागद कोरा होता.

"दादा," त्याने विचारले, "लोकांचे काय काय तुमच्या भरवशावर असते, तेवढे सांगता?"