पाखरांना मोकळा

“फोगेलफ्राय म्हणजे पाखरासारखा मोकळा. असंच ना, बाई?”

दर्शना पाष्टे मागच्या दारानं आत येता येताच विचारत होती. जर्मनच्या शिक्षिका तेरवणकर बाई निवृत्तीनंतर गावी येऊन राहिल्या होत्या. नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला जायचं म्हणून दर्शना त्यांच्याकडे भाषा शिके.

बहिणीच्या हळदीत तिनं विधवा आईला पहिली हळद लावायला लावली. म्हणून गावकीनं घर वाळीत टाकलं. पाणी बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. आज संध्याकाळच्या बैठकीत नारळ ठेवून माफी मागितली, तरच सुटका होती.

“मी जाणारच नाही बैठकीला,” दर्शना तोऱ्यात म्हणाली. “फोगेल म्हणजे पाखरू, फ्राय म्हणजे मोकळा. आता मी फोगेलफ्राय!”

“मग पिशवीत नारळ कशाला?”

“...आईनं आणायला सांगितला.”

बाईंनी चष्मा काढला.

“आधी तुझाच अर्थ होता. कुणाचा चाकर नसलेला, मोकळा. पुढे तो शब्द कायद्यानं उचलला. ज्याला समाजाबाहेर काढलं, तो फोगेलफ्राय. त्याला आसरा द्यायचा नाही, घास द्यायचा नाही. मेला तर पुरायचाही नाही. त्याचा देह पाखरांना मोकळा.”

दर्शनाचा तोरा उतरला.

“काल आईला ताप होता, बाई. शेजारच्या काकूंनी मला बघून दार लावलं...” तिला रडू आवरेना. “ठेवू का नारळ?”

“अशा माणसाला आसरा देणाऱ्याचं काय व्हायचं, ते नाही विचारलंस.”

“काय व्हायचं?”

“त्यालाही शिक्षा.”

बाई उठल्या. पिशवीतला नारळ त्यांनी काढून घेतला आणि पुढचं दार सताड उघडलं. समोरच्या पारावर गावकीची माणसं बसली होती.

बाईंनी त्यांच्याकडे बघत नारळ पायरीवर आपटला. पाणी पेल्यात धरलं. अर्धं दर्शनाला पाजलं आणि तिचं उष्टं आपण प्यायल्या.

पारावरची माणसं उठून उभी राहिली.

“बाई, आता तुम्हालाही टाकतील!”

बाई खोबऱ्याच्या वाटीकडे बघत होत्या.

“चटणी करू. मिरच्या तुझ्या घरून आण, आईलाही आण. आणि येताना पुढच्या दारानं या.”